जुना ॲनालॉग मेटल डिटेक्टर ओल्या वाळूत उगाच वाजत राहतो: दोष यंत्रात, कॉइलमध्ये की जमिनीत?

तक्रार नेहमी सारखीच असते. कोरड्या वाळूत यंत्र शहाण्यासारखं चालतं, पण ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात उतरलं की टिवटिव सुरू होते. थ्रेशोल्डचा, म्हणजे धातू नसतानाही सतत येणारा बारीक गुणगुणता आवाज कधी चढतो, कधी गुडुप होतो, आणि अर्ध्या तासाने सगळं पुन्हा जुळवावं लागतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की आवाज थांबतो, पण मग समोर ठेवलेली अंगठीही वाजत नाही. वैतागून पुढे यंत्राची पेटी उघडली जाते आणि आतले छोटे ट्रिमर (जुळणीचे स्क्रू) फिरवले जातात. तेवढं करू नका. कारखान्यात लावलेले ते ट्रिमर एकदा हलले की ऑसिलोस्कोपशिवाय जागेवर आणणं फार कठीण, आणि बहुतेक वेळा दोष त्या पेटीत नसतोच.

इथे विचार केला आहे तो ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बटणांच्या यंत्रांचा: व्हाइट्सची ६००० मालिका, टेसोरो, फिशर, गॅरेट आणि त्यांच्या बरोबरीची. यांतलं बहुतेक प्रत्येक यंत्र एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी वापरतं. व्हाइट्स ६००० डीआय साधारण ६.५९ किलोहर्ट्झवर चालतो. कंपास कंपनीच्या ७७बीसारखी त्याहून जुनी टीआर (ट्रान्समिट-रिसीव्ह) यंत्रं १०० किलोहर्ट्झवर चालायची. ती खिळ्यांच्या गर्दीत सुरेख, पण खनिजाच्या जमिनीत निरुपयोगी. व्हाइट्सने २०२० मध्ये गाशा गुंडाळला आणि टेसोरोही बंद झाली. म्हणजे यंत्राची कॉइल गेली तर नवी सहज मिळणार नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी हवा, मग कोरडी जमीन, शेवटी मीठ. हा क्रम मोडला की दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि दिवस वाया जातो.

हवेतली चाचणी

घरात करू नका. स्लॅबमध्ये आणि लादीखाली सळ्या असतात, शिवाय इन्व्हर्टर, एलईडी ट्यूब आणि पंख्याचा रेग्युलेटर यांचा गोंगाट कॉइल टिपते. अंगणात लाकडी टेबल किंवा प्लास्टिकची खुर्ची घ्या. यंत्र तिच्यावर आडवं ठेवा, कॉइल कडेबाहेर मोकळी राहू द्या, जमिनीपासून निदान एक मीटर उंच. मोबाईल खिशातून काढून दूर ठेवा. घड्याळ आणि अंगठ्याही काढा.

डिस्क्रिमिनेशन (लोखंड, फॉइल असा कचरा वगळणारं बटण) शून्यावर, सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर. थ्रेशोल्ड जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा आणि पाच मिनिटं यंत्राला हात न लावता फक्त ऐका.

आवाज स्थिर राहिला तर यंत्र ठीक आहे, थेट जमिनीच्या भागाकडे जा. आवाज कुरकुरला तर कॉइल हळूच उभी करा, मग वेगवेगळ्या दिशांना वळवा. दिशेप्रमाणे कुरकुर कमी-जास्त झाली तर ती बाहेरच्या विजेची आहे: उच्चदाबाची तार, शेजारचा पंप, किनाऱ्यावर असाल तर शॅकमधली (वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलातली) रोषणाई. तिथून शंभर पावलं लांब गेलं की ती थांबते. दिशा बदलूनही काहीच फरक पडत नसेल तर दोष यंत्रातच शोधायचा.

आता नाणं धरून पाहा, पण कुठलं नाणं ते बघून. १९९२ पासूनचा छोटा एक रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे. त्याला चुंबक चिकटतं. डिस्क्रिमिनेशन जरा चढवलं की जुनं यंत्र त्याला लोखंड समजून गिळून टाकतं, आणि माणूस म्हणतो यंत्र बिघडलं. चाचणीसाठी १९७५ ते १९९१ मधला तांबे-निकेलचा रुपया घ्या, किंवा तांब्याचा छोटा तुकडा. सोबत दोन इंची लोखंडी खिळा आणि सोन्याची साधी अंगठी ठेवा. २० सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलवर त्या जुन्या रुपयाला हवेत साधारण २० सेंटिमीटरवरून आवाज यायला हवा. १० सेंटिमीटरवरच संपला तर बॅटरी किंवा कॉइल कमजोर आहे.

बॅटरी: सगळ्यात स्वस्त कारण

बॅटरी मोजायची ती यंत्र चालू ठेवून. बंद यंत्रात मोजलेला आकडा फसवतो. ९ व्होल्टच्या यंत्रात चालू असताना ७.५ च्या खाली गेली की बदला. मरत आलेल्या बॅटरीचं एक खास लक्षण आहे: मोठा बीप झाला की त्या बीपनेच जास्त करंट ओढला जातो, व्होल्टेज दबतं, यंत्र डगमगतं आणि पुन्हा बीप होतो. डुगडुग डुगडुग असा, होडीच्या इंजिनासारखा आवाज ऐकू आला तर कॉइलकडे बघायचीही गरज नाही.

साध्या झिंक-कार्बन बॅटऱ्या या यंत्रांना पुरत नाहीत, अल्कलाइनच घ्या. आठ पेन्सिल सेलच्या यंत्रात रिचार्जेबल सेल टाकले तर १२ ऐवजी ९.६ व्होल्ट मिळतात. काही यंत्रं ते चालवून घेतात, काहींचा रेग्युलेटर तासाभरातच हार मानतो. ९ व्होल्टच्या क्लिपची गोल टोपी सैल झाली असेल तर चिमट्याने हलकी दाबा. समुद्राकाठच्या हवेत त्या टोपीवर हिरवट काट धरतो. तो खोडरबराने घासून काढा, नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा.

केबल आणि कॉइल

खरा घोळ बहुतेक इथे असतो, म्हणून इथे वेळ द्या.

पहिलं काम: कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. गोव्यातल्या कोलवा, मिरामार, हरमल, कुठेही चार-पाच फेऱ्या झाल्या असतील तर कव्हर आणि कॉइलच्या फटीत वाळूची चंद्रकोर साचलेली दिसेल. तिच्यातले काळे कण बाजूला काढून चुंबकाजवळ न्या, ते उभे राहतात. कॉइल आता कायम त्या लोहखनिजाला चिकटून आहे, आणि कव्हर हलतं तसे ते कणही हलतात. यंत्राच्या दृष्टीने जमीन सतत खालीवर होते आहे. कव्हर आणि कॉइल गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग कडेवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या. उगाच होणाऱ्या बीपांपैकी कितीतरी इतक्याने थांबतात.

दुसरं: केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळली आहे का? पहिला वेढा कॉइलच्या जवळ, दांड्यावरच हवा. लोंबणारी केबल झोताबरोबर, म्हणजे कॉइल डावी-उजवीकडे फिरवताना, हलली की प्रत्येक झोताच्या टोकाला टिक् असा आवाज येतो. कॉइल धरणारा बोल्ट हरवला म्हणून कुणी लोखंडी बोल्ट लावला असेल तर तो आधी काढा. तिथे नायलॉनचाच लागतो.

तिसरं: केबलची तार आतून तुटलेली असणं. पेटीकडच्या प्लगपासून आणि कॉइलमध्ये शिरते त्या जागेपासून १०-१५ सेंटिमीटरचा भाग सगळ्यात आधी जातो, कारण तिथेच केबल दुमडते. यंत्र चालू ठेवून तेवढा भाग दोन बोटांनी हळू वाकवा. आवाज फुटला तर जागा सापडली. खात्रीसाठी प्लग काढून मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, म्हणून आकड्यावर जीव टाकू नका. केबल वाकवताना तो आकडा उड्या मारतो का, तेवढं बघा. उडत असेल तर तुटका भाग कापून पुन्हा डाग द्यावा लागेल. आधी तारांच्या रंगांचा जवळून फोटो काढा. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरे, मोठी नको, प्लगचं प्लास्टिक वितळतं. जाळीदार शील्ड जिथे जोडली होती तिथेच परत जोडायची, मध्ये लोंबकळत सोडायची नाही.

चौथं बारकं आहे, पण पावसाळी हवेत हेच जास्त भोवतं. कॉइलच्या आत ग्राफाइटचा थर असतो. तो शील्डला जोडलेला असतो आणि बाहेरच्या ओलाव्याचा परिणाम अडवतो. ही जोडणी तुटली की कॉइल ओल्या गवताला लागताच वाजते. तपासायला सोपं आहे: कॉइल हवेत धरून तिच्या कोरड्या बाजूवर उघडा तळहात दाबा, हातात अंगठी किंवा कडं नको. धड कॉइल गप्प राहते. तळहाताने वाजली तर ग्राफाइटची जोडणी गेली, नाहीतर कॉइलमध्ये पाणी शिरलं. पाणी असेल तर ती कोरड्या जागी सिलिका जेलसोबत बंद पिशवीत आठवडाभर ठेवा, मग भेगेवर इपॉक्सी भरा. हेअर ड्रायरने तापवू नका, आतली वेटोळी जागची हलतात आणि दोन कॉइलमधला तोल कायमचा बिघडतो.

तोल म्हणजे काय ते इथेच सांगणं बरं, पुढे उपयोगी पडतं. कॉइलच्या तबकडीत दोन वेटोळी असतात: एक लहरी सोडते, एक ऐकते. ती अशी बसवलेली असतात की धातू जवळ नसताना ऐकणाऱ्या वेटोळीत जवळजवळ काहीच येत नाही. याच तत्त्वावर अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. या तोलाला उष्णताही आवडत नाही. दुपारी एकच्या उन्हात वाळूवर टाकलेली काळी कॉइल तापली की वेटोळी केसभर सरकतात आणि थ्रेशोल्ड वाहू लागतो. पाण्यात उतरलं की तीच कॉइल अचानक थंड होते आणि आवाज उलट दिशेला वाहतो. उपाय साधा आहे. ओल्या पट्ट्यात काम करायचं असेल तर कॉइल, फक्त कॉइल, दहा मिनिटं उथळ पाण्यात धरून ठेवा, आणि थ्रेशोल्ड व ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा आवाज गप्प करणारी जुळणी) त्यानंतर लावा.

चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन

यंत्र हवेत ठीक, केबल ठीक, आणि तरीही डिचोली-सत्तरीकडच्या तांबड्या मातीत किंवा चिरेखाणीच्या बाजूला वाजत असेल तर दोष जमिनीचा. लोहाचं खनिज हे लहरी सोडणाऱ्या कॉइलच्या तालातच परत उत्तर देतं. ग्राउंड बॅलन्सचं बटण त्या एका तालाला गप्प करतं. चिऱ्यात खनिजाचं प्रमाण दहा पावलांत बदलतं, त्यामुळे गेटजवळ लावलेला बॅलन्स माडाखाली चालत नाही. जिथे पालापाचोळा जाळला आहे किंवा चूल होती तिथे माती आणखी चुंबकीय होते, ती जागा टाळून बॅलन्स लावा.

लावायची रीत अशी. आधी जिथे धातू नाही अशी जागा शोधा. ऑल-मेटल मोडमध्ये (कुठलाही धातू न वगळता) कॉइल ३० सेंटिमीटर वर धरा, थ्रेशोल्ड बारीक लावा, रीट्यूनचं, म्हणजे थ्रेशोल्ड मूळ जागी आणणारं बटण असेल तर दाबा. आता कॉइल सरळ खाली, जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर आणा. आवाज चढला की उतरला ते ऐका. परत वर जा, ग्राउंडचं बटण अर्धा फेरा फिरवा, रीट्यून, पुन्हा खाली. फरक वाढला तर बटण उलट फिरवायचं. फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत हेच, शेवटी पाव फेऱ्याने. दहा फेऱ्यांचं बटण कुठे आहे ते कळेनासं झालं तर एका टोकापर्यंत फिरवा आणि पाच फेरे परत या, मध्य सापडला. आवाज किंचित चढता ठेवला तर खोलवरचे बारीक आवाज हरवत नाहीत.

मातीतले सुटे चिऱ्याचे तुकडे वेगळा त्रास देतात. अशा तुकड्यावर कॉइल नेली की आवाज पसरट येतो, टोकदार येत नाही. कॉइल ८-१० सेंटिमीटर वर उचलली की तो झटकन विरतो. नाण्याचा आवाज हळूहळू बारीक होतो आणि चारही बाजूंनी एकाच जागी येतो. हा फरक कानाला बसला की जुन्या यंत्राची गोडी कळते. पडद्यावरचा आकडा तुमच्यासाठी निर्णय घेत नाही, आवाजाची लांबी, कड आणि वजन तुम्हीच तोलता.

ओली खारी वाळू

आता मूळ तक्रार. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून ते यंत्राला पातळ फॉइलसारखं दिसतं. काळ्या वाळूतलं खनिज वेगळ्या तालात बोलतं. ग्राउंड बॅलन्सचं बटण एका वेळी एकाच तालाला गप्प करू शकतं. मांडवी-जुवारीच्या मुखाजवळ किंवा पावसाळ्यानंतर काळ्या रेतीच्या पट्ट्या उघड्या पडतात तिथे मीठ आणि खनिज दोन्ही एकत्र भेटतात. तिथे एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र पूर्ण शांत होणं शक्यच नाही. हा बिघाड नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे. पल्स इंडक्शन (सलग लहरीऐवजी विजेचे ठोके सोडणारी) यंत्रं मिठाला कमी भितात, पण लोखंड-सोनं वेगळं करणं त्यांना जमत नाही.

तरीही बरंच करता येतं. पहिला नियम चालण्याचा: पाण्याच्या रेषेला समांतर चाला आणि कॉइलही तिला समांतर फिरवा. कोरड्याकडून ओल्याकडे झोत घेतला तर प्रत्येक झोतात मिठाचं प्रमाण बदलतं आणि यंत्र प्रत्येक वेळी ओरडतं. समांतर झोतात ओलावा सारखा राहतो. कॉइल वाळूपासून ४-५ सेंटिमीटरवर, सपाट, आणि टोकाला वर न उचलता. हात दमला की कॉइल टोकाला उचलली जाते आणि खोटे बीप तिथेच येतात. वेग कमी ठेवा: एक झोत दोन सेकंदांचा.

यानंतर सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणा, आणि डिस्क्रिमिनेशन फॉइलच्या जेमतेम वर. ओल्या वाळूवर डिस्क्रिमिनेशन हळूहळू चढवत गेलं की एका जागी टिवटिव बंद होते. तिथेच थांबा, पुढे नेऊ नका. त्याची किंमत मोजावी लागते: पातळ सोन्याची साखळी आणि हलक्या अंगठ्या याच पट्टीत बसतात, त्या सुटतील. बीअरच्या लोखंडी बुचांवर मात्र याचा भरवसा नको. ती बुचं जुन्या यंत्रांना सरळसरळ फसवतात आणि नाण्यासारखी वाजतात. कॉइल हळूहळू मागे ओढून पाहा, बुचाचा आवाज कॉइलच्या पुढच्या कडेपर्यंत ताणला जातो.

जुन्या टीआर मोडचं बटण असेल तर ओल्या, खनिज नसलेल्या पांढऱ्या वाळूत ते वापरून पाहा. कॉइल ठरलेल्या उंचीवर धरून मीठ शून्यावर आणायचं आणि ती उंची सोडायची नाही. लहान कॉइल असेल तर ती लावा, एका वेळी कमी वाळू ऐकते म्हणून मीठही कमी ऐकते.

भरती-ओहोटीचं गणितही जमवा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी खोल जाते. खालचा पट्टा उघडा पडतो, पण तो सगळ्यात ओला. भांगाच्या, म्हणजे ओहोटी कमी उतरते त्या दिवसांत पट्टा अरुंद, पण वरची वाळू निथळलेली असते. यंत्र शिकायला भांगाचे दिवस बरे. खाजनाच्या (बांध घालून समुद्रापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीच्या) बांधावर आणि आगरवाड्याच्या मिठागरांच्या कडेला चिखलात मीठ इतकं असतं की तिथे वरचे सगळे उपाय अपुरे पडतात. वेळ घालवू नका.

काय मिळेल याचाही अंदाज हवा. १९५८ पासूनची शेवटची पोर्तुगीज नाणी बघा: १० आणि ३० सेंतावुची ब्राँझची आहेत, ती ठसठशीत वाजतात. एस्कुदोची तांबे-निकेलची, ती जरा खालच्या पट्टीत. डिस्क्रिमिनेशन चढवून ठेवलं तर ती आधी गळतात. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांच्या आवारात, जुन्या गोव्यात, किल्ल्यांवर यंत्र नेऊच नका. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबर ते एप्रिल कासवं अंडी घालतात. त्या वाळूत खणणं म्हणजे घरटं फोडणं.

जुनी बटणं आणि कंडेन्सर

एवढं करूनही हवेत आवाज अस्थिर राहिला तरच पेटी. बटण फिरवताना खरखर आली तर आतला पट्टा मळला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा द्या, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवा, तासभर वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका, तो थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. स्पीकर गप्प पण हेडफोन चालू, असं असेल तर हेडफोनच्या सॉकेटमधली पत्ती काळी पडली आहे. प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. एकाच कानात आवाज येत असेल तर स्टिरिओ हेडफोन मोनो सॉकेटमध्ये लावला आहे, बिघाड नाही.

तीस-चाळीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आटतात. चालू केल्यावर पंधरा मिनिटांनी थ्रेशोल्ड आपोआप स्थिरावतो, हे त्याचं लक्षण. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या, आणि अधिक-उणे टोक बघून लावा. एका वेळी एकच काढा. सोडणाऱ्या कॉइलजवळचे फिल्मचे किंवा पॉलिस्टायरिनचे छोटे कंडेन्सर मात्र जसे आहेत तसे राहू द्या. फ्रिक्वेन्सी त्यांनी ठरते, आणि ते आटत नाहीत.

पावसाळा

जून उजाडला की सेल बाहेर काढा, नाहीतर सप्टेंबरात पेटीत पांढरी पावडर सापडेल. कॉइल, केबल आणि दांडा गोड्या पाण्याने धुवून सावलीत दोन दिवस वाळवा. पेटी आणि प्लग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ प्लगमध्ये जाऊन बसतं. ऑक्टोबरात किनाऱ्यावर जाण्याआधी प्लगच्या पिना अल्कोहोलने पुसा, नवे सेल घाला, आणि अंगणात टेबलावर ती पाच मिनिटांची हवेतली चाचणी पुन्हा करा.